माप बसवून घ्या, मग फोटो काढा

*"ताई, मी २७ वर्षांची. लोअर परळला कपड्यांच्या एका ब्रँडमध्ये मार्केटिंगला आहे. राहायला कल्याणला, आईबाबा आणि धाकट्या भावासोबत. भाऊ २३ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी लोकलमधून पडला, मणक्याला मार बसला, तेव्हापासून व्हीलचेअर वापरतो. घरून डेटाचं काम करतो. यंदा आमचं दिवाळीचं कॅम्पेन 'इन्क्लुसिव्ह', म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारं, करायचं असं सरांच्या मनात आलंय. आधी म्हणाले, नेहमीच्याच मॉडेलला भाड्याच्या व्हीलचेअरवर बसवू. मी नाक मुरडलं तर म्हणाले, 'तुझा भाऊ आहे ना? त्यालाच आण. घरचाच मुलगा, पैशांचा प्रश्न नाही. कुर्ता गिफ्ट देऊ, एक्स्पोजर मिळेल.' घरी सहज सांगितलं तर भाऊ एकदम खुलला. 'मला कुठला रंग चांगला दिसेल गं?' असं विचारलं त्याने, दोन वर्षांत पहिल्यांदा. आईच्या डोळ्यांत पाणी. बाबा मात्र भडकले, 'पोराचं प्रदर्शन मांडायचं नाही' म्हणाले. सरांचं मला पटत नाही, भावाचा चेहरा बघून नाही म्हणवत नाही आणि नोकरी तर टिकवायची आहे. काय करू?"*
*– कात्रीत सापडलेली, कल्याण*

प्रिय कात्रीत सापडलेली,

पत्रात तुझे सर भरपूर बोललेत, बाबा बोललेत, आई रडली आहे. भावाच्या वाट्याला एक वाक्य आलंय आणि तेही रंगाबद्दल. तो २३ वर्षांचा आहे, कमावतो, मतदान करतो. शूटला जायचं की नाही हे त्याने ठरवायचं आहे. मात्र ठरवण्यासाठी त्याला सगळं माहीत हवं, आणि मला शंका आहे की तू त्याला अर्धंच सांगितलं आहेस. भाड्याच्या व्हीलचेअरची गोष्ट सांगितलीस का? पैसे देणार नाहीत हे सांगितलंस? सरांनी त्याचं नाव कसं घेतलं ते? तो दुखावेल म्हणून लपवलं असशील, पण हे कळल्यावर दुखावायचं, हसायचं की दर मागायचा हे त्याचं त्याला ठरवू दे. आज रात्री जेवणं उरकली की त्याच्याशी बोल, आईबाबा झोपल्यावर. कल्याणच्या घरांत खासगी बोलायला तीच काय ती वेळ मिळते.

आता सरांकडे वळते. सर दुष्ट आहेत असं मला वाटत नाही. आळशी आहेत, एवढंच. पण या धंद्यात माणसं दुखावली जातात ती बहुतेक वेळा अशा आळसापायीच.

भाड्याच्या व्हीलचेअरला तू नाक मुरडलंस ते बरोबरच केलंस, कारण मात्र तुला नीट सांगता आलं पाहिजे. २०१५ मध्ये 'इंटरव्ह्यू' मासिकाच्या मुखपृष्ठासाठी कायली जेनर या चालत्या-फिरत्या अमेरिकन टीव्ही तारकेला सोनेरी व्हीलचेअरवर बसवलं होतं. रोज व्हीलचेअर वापरणारी माणसं त्यावर चिडली, आणि का चिडणार नाहीत? त्याच्या आदल्याच वर्षी डीझल या कपड्यांच्या ब्रँडच्या जाहिरातीत जिलियन मर्काडो ही मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू दुबळे होत जाण्याचा आजार) असलेली मुलगी स्वतःच्या व्हीलचेअरसह झळकली होती. म्हणजे मॉडेल मिळत नव्हतं ही सबब तेव्हाही चालणारी नव्हती. शिवाय भाड्याची खुर्ची फोटोत लगेच ओळखू येते. दवाखान्यातली ती रुंद सीट, उंच हातांची, पाय टेकायच्या पट्ट्या भलत्याच उंचीवर. भावाची स्वतःची खुर्ची बघ. तिच्या सीटची रुंदी त्याच्या मापाची असेल, पाठ त्याला हवी तेवढीच उंच असेल. जो माणूस दिवसभर त्या खुर्चीत असतो, त्याला दुसऱ्याच्या खुर्चीत अवघडून बसलेली मॉडेल एका नजरेत कळते. तुमचा ब्रँड ज्याला आपलंसं करायला निघालाय तो गिऱ्हाईकच पहिला हसणार.

आता पैसे. मराठी घरात या विषयावर आपण उगाच घसा खाकरतो, म्हणून स्पष्टच लिहिते. त्या दिवशी सेटवर फोटोग्राफरला पैसे मिळणार, मेकअपवाल्याला मिळणार, लाइटवाल्याला मिळणार, चहा आणणाऱ्या स्पॉटबॉयलाही मिळणार. बाकीच्या मॉडेल्सचा दर कोऑर्डिनेटरने आधीच ठरवलेला असणार. फुकट काय ते एकटा तुझा भाऊ, आणि कॅम्पेनची बातमी होणार तीही त्याच्याच जिवावर. असं चालायचं नाही. त्याच शूटमध्ये नवख्या मॉडेलला जो दर मिळतो तोच त्याला मिळायला हवा. कुर्ता वरून खुशाल द्या. लेखी करार हवा आणि त्यात फोटो कुठे वापरणार, किती काळ वापरणार हे असलं पाहिजे. इन्स्टाग्रामवर टाकायचा फोटो वेगळा आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच्या होर्डिंगवरचा वेगळा. दोन्हींची किंमत एक नसते, आणि करारात मुदत नसेल तर पाच वर्षांनीही त्याचा चेहरा कुठल्यातरी सेलच्या पोस्टरवर निघू शकतो. पैसे त्याच्या खात्यात जायला हवेत, तुझ्या पगाराबरोबर नकोत.

आणखी एक. या वाटाघाटीतून तू बाजूला हो. कंपनीची कर्मचारीही तूच आणि मॉडेलची बहीणही तूच, अशी दोन्ही खुर्च्यांवर बसलीस तर दर पाडायच्या वेळी तुझ्याच खांद्यावर हात ठेवला जाईल. ऑफिसमधल्या दुसऱ्या कुणालातरी भावाशी थेट बोलू दे. सर 'घरचाच मुलगा' म्हणाले, तर कुणाच्या घरचा, असं विचारायचा मोह मला तरी आवरला नसता. तू आवर. नोकरी टिकवायची आहे.

पण या सगळ्यापेक्षा मला जास्त पडली आहे ती कपड्यांची. मी अनेक वर्षं सॅम्पलिंगमध्ये, म्हणजे नमुन्याचे कपडे शिवणाऱ्या विभागात काढली, त्यामुळे कॅम्पेन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी कटिंग टेबल येतं. तुझ्या पत्रात एक प्रश्न कुणीच विचारलेला नाही: तो घालणार काय?

दिवाळी कलेक्शन म्हणजे कुर्ता-पायजमा, नेहरू जॅकेट, थोडी जर, थोडं भरतकाम. हे सगळं उभ्या माणसासाठी कापलेलं असतं. शिंप्याकडे माप द्यायला आपण ताठ उभे राहतो, सॅम्पल ज्या डमीवर चढतं तीही उभी असते. माणूस बसला की शरीराची मापं बदलतात. पाठीकडची लांबी वाढते, पोटाकडची कमी होते. म्हणून तुमचा मीडियम साइजचा कुर्ता भावाला घातलास तर पुढचा घेर मांडीवर गोळा होईल, मागचा भाग त्याच्याच वजनाखाली दबेल आणि तो ताणला गेला की गळा मागे ओढला जाईल. पायजमा मागून घसरेल, पुढे पोटाशी वळकटी पडेल, खालून वर सरकून घोटे उघडे पडतील. फोटोग्राफर मग पाठीमागून चिमटे लावेल, कुणीतरी सारखं येऊन चुण्या नीट करील, आणि तुझा भाऊ घरी येऊन म्हणेल, 'मला काही हे शोभत नाही.' कपडा न शोभण्याचा दोष त्याने स्वतःच्या अंगाला द्यायचा, हे मी फार पाहिलंय. धडधाकट माणसांतही पाहिलंय.

यात अवघड काहीच नाही. तुमच्या सॅम्पलिंगच्या मास्टरला कल्याणला पाठवा, नाहीतर भावाला गाडीने बोलवा, आणि माप बसलेल्या स्थितीत, त्याच्याच खुर्चीत घ्या. पायजम्याचं आसन मागून चढवायचं, पुढून उतरवायचं, उंची वाढवायची. मागचे खिसे काढून टाकायचे. हवे तर मांडीवर, हाताला लागतील असे द्यायचे. कुर्ता पुढून मांडीपर्यंतच, मागून सीटला टेकेल इतपत आखूड, बाजूचे कट वरपर्यंत. जॅकेटची पुढची लांबी कमी, नाहीतर खालचं बटन पोटात घुसतं आणि जॅकेट हनुवटीशी येतं. मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, जरा सैल, कारण चाकं ढकलताना खांदे सतत पुढे-मागे होतात. बाहीचा कफ अरुंद ठेवा किंवा बाही थोडी आखूड करा. चाकाच्या रिमला घासून पांढरा कफ दुपारपर्यंत काळा होतो, आणि मुंबईच्या पावसात तर विचारूच नकोस.

एका गोष्टीत हयगय नको. मणक्याच्या दुखापतीत कमरेखालची संवेदना कमी झालेली असू शकते. जाड शिवण, रिव्हेट, खिशाचं बटन यावर तासभर बसूनही त्याला टोचणार नाही, आणि संध्याकाळी कातडी लाल दिसेल. त्याची जखम झाली तर भरायला महिने लागू शकतात. म्हणून बसायच्या भागावर शिवण चपटी, कापड मऊ, आणि पाठीवर किंवा मांडीखाली जर, टिकल्या, खडे काही नको. भरतकामाची हौस छातीवर आणि गळ्याशी फेडा. बसलेल्या माणसाचं तेच तर दिसतं.

हे वाचून कुणीतरी उत्साहाने चुंबकाची बटनं आणि वेल्क्रो आणायला भुलेश्वरला पळेल. थांबव त्याला. भावाचे हात चांगले चालत असतील तर त्याला साधी काज-बटनंच पुरे. अपंगत्व म्हटलं की सगळ्यांना एकच उपाय चिकटवायचा, ही या क्षेत्रातली नवी खोड आहे. चुंबकाची बटनं कंपवात असलेल्या आजोबांना लागतात, संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या काकूंना लागतात (आणि पेसमेकर असलेल्याला ती देण्याआधी डॉक्टरला विचारावं लागतं). कृत्रिम पाय लावणाऱ्याला पायजम्याच्या आतल्या शिवणीत लांब चेन हवी असते. स्वमग्न मुलाला मानेवरचं टोचणारं लेबल नको असतं. अंध माणसाला रंग ओळखता येईल अशी खूण हवी असते. प्रत्येकाची गरज वेगळी, आणि ती विचारल्याशिवाय कळत नाही.

आता सरांना घालायचा खरा प्रश्न. भावाचा फोटो बघून बदलापूरचा एखादा व्हीलचेअर वापरणारा मुलगा तुमच्या दुकानात आला, तर त्याला फोटोतला तो पायजमा विकत मिळणार आहे का? की तो फक्त शूटपुरता शिवलेला होता? दुसरं असेल तर कॅम्पेन खोटं आहे, मग फोटो कितीही सुंदर असो. तो मुलगा दुकानात शिरू तरी शकणार आहे का, ट्रायल रूममध्ये त्याची खुर्ची वळणार आहे का, हेही त्यातच आलं. सगळं कलेक्शन बदला असं मी म्हणत नाही. एक पायजमा आणि एक कुर्ता, बसलेल्या मापाचा, बाकीच्यांच्याच किमतीला, वेबसाइटवर बाकीच्यांच्याच रांगेत. एवढ्याने सुरुवात होते.

सर म्हणतील, हे परदेशात चालतं. चालतंच. टॉमी हिलफिगर या अमेरिकन ब्रँडने २०१६ मध्ये मुलांसाठी असे कपडे आणले. त्यात मिंडी शायर यांच्या रनवे ऑफ ड्रीम्स या संस्थेचा हात होता. मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या त्यांच्या मुलाला शाळेत इतरांसारखी जीन्स घालून जायचं होतं, तिथून त्यांनी सुरुवात केली. पुढच्या वर्षी मोठ्यांचे कपडेही आले. नायकेचे फ्लायईझ बूट २०१५ चे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडाने हालचालींवर ताबा कमी राहतो) असलेल्या एका अमेरिकन मुलाने बुटांची नाडी स्वतःची स्वतः बांधता येत नाही असं कंपनीला कळवलं होतं. पण त्याच नायकेने २०२१ मध्ये हात न लावता घालायचे बूट काढले तेव्हा पहिल्या फेरीतले पुष्कळसे जोड चढ्या भावाने पुन्हा विकणाऱ्यांनी उचलले, आणि ज्यांच्यासाठी ते उपयोगाचे होते ते बघत राहिले. वस्तू बनवणं आणि ती त्या माणसापर्यंत पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडे कोलकात्याची झायेनिका अशा गरजांचे कपडे बनवते, त्यात भारतीय पेहरावही असतो. म्हणजे हे इथे होतं. मोठ्या ब्रँड्सनी मात्र फारसा हात लावलेला नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. सरांना आकडे आवडतात ना? हा सांग. त्यात गुडघे बदललेल्या, पक्षाघातातून उठलेल्या आपल्या काकामामांची भर घातली की बसून घालायच्या पायजम्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागणार नाही.

शूटच्या दिवसाबद्दल थोडं. लोअर परळ आणि अंधेरीचे स्टुडिओ म्हणजे जुन्या गिरण्या नाहीतर इंडस्ट्रियल इस्टेट. दारात तीन पायऱ्या, पोटमाळ्यावर मेकअप रूम आणि लिफ्ट कधी मालाची तर कधी बंद. 'चार पोरं उचलून नेतील' हे उत्तर चालणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदी यांना खारला लग्नाच्या नोंदणीसाठी लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं होतं, आणि स्वतःच्या लग्नाच्या दिवशी हे का सोसायचं, असं त्यांनी जाहीरपणे विचारलं तेव्हा सगळी मुंबई चपापली होती. तुझ्या भावालाही कामाच्या दिवशी ते सोसायला लावू नका. स्टुडिओ बघायला तू स्वतः जा. रॅम्प सगळे विचारतात, मी सांगते संडास बघ. दाराची रुंदी टेपने मोज. कपडे बदलायला आडवं होता येईल असा दिवाण किंवा पलंग हवा, कारण पॅन्ट बदलायची तर पुष्कळांना आडवं व्हावं लागतं. पडदा लावलेल्या कोपऱ्यात खुर्चीवरून ते जमत नाही. कल्याणहून येण्याजाण्याची गाडी कंपनीने द्यावी. लोकलला दिव्यांगांचा डबा आहे हे मला ठाऊक आहे, त्यात कोण कोण चढतं आणि फलाटातली फट केवढी असते हे तुला ठाऊक आहे. आणि ज्याने लोकलचा अपघात भोगलाय त्याला गर्दीत पुन्हा ढकलण्याआधी विचारायला तरी हवं. दर थोड्या वेळाने त्याला हातांवर जोर देऊन सीटवरचा भार हलका करावा लागत असेल, ठरावीक वेळी बाथरूमला जावं लागत असेल. ते वेळापत्रक त्याच्याकडून घे आणि कॉल टाइम, म्हणजे सेटवर यायची वेळ, त्याप्रमाणे लाव. मदतीला कुणी येणार असेल तर त्याचाही दिवसाचा पगार धरा. तो मदतनीस तू होऊ नकोस. त्या दिवशी तुला तुझं काम आहे.

फोटोग्राफरला एकच सूचना पुरे: कॅमेरा भावाच्या डोळ्यांच्या उंचीवर आण. वरून काढलेल्या फोटोत माणूस बिचारा दिसतो. चाकं कापू नका आणि फक्त चाकांचाच क्लोजअपही घेऊ नका. १९९८ मध्ये लंडनला डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनच्या शोमध्ये एमी मलिन्स ही दोन्ही पाय गुडघ्याखालून नसलेली धावपटू कोरीव लाकडी पायांवर चालली. समोर बसलेल्या पुष्कळांना ते बूटच वाटले. कुणी कणव केली नाही, तसले बूट कुठे मिळतात याची चौकशी मात्र झाली असणार. फॅशनच्या फोटोने हेवा वाटायला हवा. डोळे पुसायला लावणारा फोटो काढायचा असेल तर तो विम्याच्या जाहिरातीसाठी ठेवा.

मजकूर तूच लिहिणार आहेस, म्हणून सांगते. 'जिद्दीला सलाम', 'नियतीवर मात', 'हसतमुख योद्धा' यातलं काहीही नको. त्याने कुर्ता घातलाय, एव्हरेस्ट चढलेला नाही. ऑस्ट्रेलियातल्या स्टेला यंग या व्हीलचेअर वापरणाऱ्या विनोदी कलाकार-पत्रकार बाईने २०१४ मधल्या एका भाषणात, आम्ही तुमची प्रेरणा व्हायला जन्मलो नाही, अशा अर्थाचं ठणकावलं होतं. ते भाषण सरांना पाठवून बघ. इथलाच दाखला हवा असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा ८ जुलै २०२४ चा दिव्यांग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांच्या प्रकरणातला निकाल आहे. चित्रपट आणि दृश्य माध्यमांत अपंग व्यक्तींचं चित्रण कसं असावं याबद्दल न्यायालयाने त्यात मार्गदर्शक सूचना दिल्या. 'पीडित', 'ग्रस्त' अशा शब्दांनी माणसाला त्याच्या व्यंगात कोंडू नये आणि अपंगांबद्दल काही करताना त्यांनाच सामील करून घ्यावं, असा त्यांचा सूर आहे. तुमच्या कॅम्पेनला तेवढं पुरेसं आहे. बाकी मॉडेल्सच्या फोटोखाली कुर्त्याचं नाव, कापड आणि किंमत येते ना? याच्याही फोटोखाली तेच टाका.

आणि हा फोटो ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनासाठी राखून ठेवू नका. दिवाळीच्या फोटोत फराळाच्या ताटाभोवती सगळे जमलेत, त्यात तोही आहे, आत्याशी भांडतोय किंवा चकली पळवतोय, असा घ्या. एकट्याला खिडकीशी बसवून बाहेर बघायला लावलंत तर मी तुमच्या पेजवर येऊन टोमणा मारीन.

बाबांचं काय करायचं? त्यांच्यावर चिडू नकोस. दोन वर्षं रिक्षा स्टँडवर, लग्नाच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या गेटपाशी लोक पोराकडे कसे बघतात ते त्यांनी पाहिलंय, आणि त्याचं होर्डिंग लागणं म्हणजे तेच बघणं हजारपट, असं त्यांना वाटत असणार. त्यांना पटवायला भाषण नको, करार दाखव. दर किती, फोटो कुठे, मुदत काय, न आवडलेला फोटो काढून टाकायला सांगता येतो की नाही. लगाम पोराच्या हातात आहे हे दिसलं की बापाचा आवाज खाली येतो. मुंबईच्याच रेश्मा कुरेशीची गोष्टही त्यांना सांग. ॲसिडहल्ल्यातून वाचलेली ही मुलगी २०१६ मध्ये न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये डिझायनर अर्चना कोचर यांच्या कपड्यांत रॅम्पवर चालली. त्याआधीच ती ॲसिडच्या खुल्या विक्रीविरुद्ध कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती. तिला दाखवलं गेलं नव्हतं, तिला काहीतरी सांगायचं होतं. भावाला कदाचित काहीच सांगायचं नसेल, नुसतं छान दिसायचं असेल. २३ व्या वर्षी तेही रास्त कारण आहे.

आई सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणार. ते तू थांबवू शकणार नाहीस, प्रयत्नही करू नकोस.

आता नोकरी. सरांना हे तोंडी सांगू नकोस, मेल कर, आणि तक्रार म्हणून नको, शूटचं नियोजन म्हणून पाठव. 'व्हीलचेअर वापरणाऱ्या मॉडेलसाठी खुलं कास्टिंग करू. माझा भाऊ इच्छुक असेल तर तोही येईल. दर इतरांसारखाच. बसलेल्या मापाचे दोन नमुने सॅम्पलिंगला लागतील आणि ते विक्रीलाही ठेवावेत. लिफ्ट आणि संडास असलेला स्टुडिओ लागेल.' एवढंच, खर्चाच्या अंदाजासकट. खुल्या कास्टिंगचा आग्रह धर, कारण भाऊ हाताशी आहे म्हणून घेतला असं व्हायला नको. हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेपासून अपंगांसाठी काम करणाऱ्या चेंबूरच्या नासेओ संस्थेपर्यंत विचारलंत तर तुम्हाला मुलंमुली मिळतील, त्यांतल्या काहींना कॅमेऱ्याची सवयही असेल. जमलं तर मेलच्या शेवटी एक साधा प्रश्न टाक: आपल्या ऑफिसात अपंग सहकारी किती आहेत? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे खासगी कंपनीलाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. एचआरकडे ते आहे का, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. पण हे तुझ्या अंगात बळ असेल तर. सगळ्या लढाया एका मेलमध्ये लढायची गरज नाही.

सर म्हणाले की एवढं बजेट नाही, तर 'मग या वर्षी नको' असं शांतपणे म्हण. भावाला न आणणं म्हणजे काम नाकारणं होत नाही. तुझ्या नेमणूकपत्रात घरातली माणसं पुरवायची असं कलम नसणार. सर पुन्हा भाड्याच्या खुर्चीवर आले तर तुझा विरोध त्याच मेलवर लेखी ठेव आणि त्या पोस्टचा मजकूर लिहायला दुसऱ्याला द्यावा अशी विनंती कर. त्यावरून कुणी तुला काढेल असं मला वाटत नाही. थोडी कुजबुज होईल, ती सोस.

आणि समजा भावाला हे सगळं कळल्यावरही फुकट जायचं असेल, निव्वळ मजा म्हणून, तर? मला आवडणार नाही, तुलाही आवडणार नाही, पण जाऊ दे त्याला. करार आणि गाडी मात्र तेव्हाही सोडायची नाही.

मेल आजच लिही. दिवाळीचं शूट गणपतीच्या आधी उरकतं, म्हणजे तुमच्या मास्टरच्या हातात फार दिवस उरलेले नाहीत, आणि बसलेल्या मापाचा पायजमा पहिल्या फिटिंगला बरोबर बसत नसतो. एक फिटिंग, एक दुरुस्ती आणि मग पुन्हा एकदा तासभर खुर्चीत बसवून बघणं, एवढा वेळ धरूनच शूटची तारीख माग.

तुझी,
ताई